दारं धरणारे

आमच्या परभणी जिल्ह्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. भर भाद्रपदात जनाबाईंच्या गंगाखेडला पुलावर उभं राहून तिच्याकडं पाहावं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर मधल्या धारेवर खिळलेली असते. पण ज्याचं शेत नाल्याकाठी आहे तो शेतकरी नदीकडं पाहत नाही, नाल्याच्या तोंडाकडं पाहतो. गंगा दुथडी भरली की नाल्याचं पाणी घेत नाही, हे त्याला माहीत असतं. मग ते पाणी थांबतं, चढतं आणि आल्या वाटेनं मागं फिरतं. ज्या शिवारात त्या दिवशी सरसुद्धा पडली नाही, तिथं सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं राहतं. वरून आलेल्या नव्हे, खालून चढलेल्या पाण्यात. याला आपल्याकडं एक नेमका शब्द आहे: फुगवटा.

जठरातल्या फुगलेल्या शिरांविषयी वाचायला लागलो तेव्हा हा शब्द माझ्या मनातून हलेना. लिव्हर खराब झालेल्या माणसाच्या पोटात शिरा फुगतात, कधी फुटतात, रक्ताची उलटी होते, हे ऐकून होतो. मला वाटायचं, त्या शिरांनाच काही रोग होत असेल. तसं अजिबात नसतं. त्या शिरा निरोगी असतात, जठरही बहुधा निरोगी असतं. तुंबलेलं असतं ते वीतभर पलीकडं, यकृतात. जठरात दिसतो तो निव्वळ फुगवटा.

आपण भाकरी खातो. तिच्यातली साखर, प्रथिनं, सोबत घेतलेली गोळी, सगळं आतड्यातून रक्तात उतरतं. पण हे रक्त थेट हृदयाकडं जात नाही. हातापायांचं, डोक्याचं रक्त शिरांत गोळा होऊन सरळ हृदयाची वाट धरतं. पोटाच्या रक्ताला मात्र आधी यकृतात हजेरी लावावी लागते. जठर, लहान-मोठं आतडं, स्वादुपिंड आणि डाव्या बरगडीखालची पाणथरी, या सगळ्यांचं रक्त एका शिरेत एकवटतं. ही शीर जेमतेम आठ सेंटिमीटर लांब, म्हणजे मधल्या बोटाएवढी. तिच्यातून मिनिटाला लिटरभर किंवा त्याहून थोडं जास्त रक्त वाहतं. लॅटिनमध्ये पोर्टा म्हणजे दार. म्हणून ही पोर्टल व्हेन, दाराची शीर.

तिची गंमत अशी, की ती केसासारख्या बारीक वाटांतून सुरू होते आणि यकृतात शिरून पुन्हा केसासारख्या वाटांत विखुरते. जायकवाडीचा डावा कालवा आठवा. नाथसागरातून निघतो, २०८ किलोमीटर धावतो आणि वाटेत वितरिका, चाऱ्या, पोटचाऱ्या असा बारीक होत होत वाफ्यात जिरतो. यकृत हे तसं लाभक्षेत्र आहे. तिथं प्रत्येक पेशीच्या काठाशी रक्त संथ येऊन लागतं, पेशी त्यातलं हवं ते घेते, विषारी ते निवडते आणि उरलेलं पुढं सोडते. इतक्या सावकाश कामाला दाबही तितकाच कमी लागतो. दंडाला पट्टा बांधून मोजतो तो रक्तदाब १२०च्या घरात असतो; दाराच्या शिरेतला दाब पाच ते दहा. कालव्याला उतार किती थोडा असतो, हे ज्यानं लेव्हल लावताना पाहिलंय त्याला यातलं नाजूकपण कळेल. अशा कालव्यात थोडा गाळ साचला तरी पाणी मागं चढतं.

सिरोसिसमध्ये हेच होतं. हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, मधुमेहासोबत येणारी यकृतातली चरबी, कारण काहीही असो. वर्षानुवर्षं जखमा भरत भरत यकृत व्रणांनी कडक होतं. वाफे दगडासारखे होतात. पाणी जिरत नाही. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक एरवी पाचाच्या आत असतो. तो दहावर गेला की शिरा फुगायला लागतात, बारावर गेला की फुटण्याचा धोका सुरू होतो.

पायांच्या शिरांत रक्त खाली घसरू नये म्हणून झडपा असतात. दाराच्या शिरेत आणि तिला मिळणाऱ्या शिरांत मोठ्या माणसाला झडपाच नसतात. त्यामुळं पुढं वाट बंद झाली की रक्त सहज उलटं वाहू लागतं. मग ते यकृताला वळसा घालून हृदयाकडं जायच्या आडवाटा शोधतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, गुदद्वाराशी, बेंबीभोवती अशा आडवाटा जन्मापासूनच असतात, धाग्यासारख्या बारीक. बेंबीकडून यकृतात जाणारी वाट तर गर्भात वारेकडून रक्त आणणारीच. जन्मानंतर मिटलेली, संकटात कधीकधी तिच्या आजूबाजूच्या शिरा पुन्हा जाग्या होतात. शरीर आपला जुना नकाशा फेकून देत नाही, या एका गोष्टीनं मी थक्क होतो.

जठराची आडवाट या सगळ्यांत अजब. जठराचा वरचा भाग घुमटासारखा, डाव्या बरगडीखाली, पाणथरीला चिकटून. पाणथरीकडून तुंबलेलं रक्त या घुमटाच्या भिंतीत शिरतं, तिथल्या शिरा बोटाएवढ्या जाड करतं, तिथून डाव्या मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथीच्या शिरेत उतरतं, मग मूत्रपिंडाच्या शिरेत आणि शेवटी पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयात. जेवणाचं रक्त मूत्रपिंडाच्या दारानं हृदयात पोचतं! घुमटातल्या शिरा फुगलेल्या बहुसंख्य रुग्णांत हीच वाट सापडते. दुर्बिणीतून पाहिल्यावर त्या द्राक्षांच्या घडासारख्या दिसतात, कधी निळसर, कधी जठराच्या घड्यांत अशा लपलेल्या की शिकाऊ डोळ्याला घडीच वाटावी.

या शिरांचा नकाशा जगाला आखून दिला तो दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातल्या डॉ. शिवकुमार सरीन यांनी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५६८ रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन १९९२ मध्ये या शिरांचे चार प्रकार मांडले. दर पाच रुग्णांत एकाला जठरात अशा शिरा आढळल्या. त्या अन्ननलिकेतल्यांपेक्षा कमी वेळा फुटतात, पण फुटल्या तर रक्तस्राव फार मोठा होतो. आज जगात बहुतेक ठिकाणी दुर्बिणीच्या अहवालात डॉक्टर सरीन यांचंच वर्गीकरण लिहितात.

तर ही आडवाट म्हणजे शरीरानं स्वतःच काढलेला सांडवा. तो दाब उतरवतो, पण त्याचं मोल दोन ठिकाणी चुकवावं लागतं. एक म्हणजे यकृतात न निवडलेलं रक्त थेट मेंदूपर्यंत जातं. आतड्यातला अमोनिया वगैरे सोबत नेतं. माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागतो, हात थरथरतात, बँकेत सही जुळत नाही. घरच्यांना वाटतं वय झालं, किंवा मनाला काही लागलं. आणि दुसरं मोल म्हणजे फुटणं.

ते कसं येतं हे ज्यांच्या घरी घडलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आधी दोन दिवस डांबरासारखी काळी संडास. मग एका रात्री घमेलंभर रक्ताची उलटी. परभणीच्या आडगावातून १०८ ला फोन, जिल्हा रुग्णालय, तिथून संभाजीनगर. या पहिल्या तासांत काय करावं याबद्दल वैद्यक अलीकडं एक उफराटी गोष्ट शिकलं आहे. रक्त गेलंय तर भराभर रक्त चढवा, असं कुणालाही वाटेल, नातेवाईक तर बाटल्यांसाठी रात्रभर पळत असतात. २०१३ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी शेकडो रुग्णांच्या अभ्यासातून दाखवलं, की हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, हात सैल सोडून रक्त दिलेल्यांपेक्षा जास्त वाचतात. कारण फुगवट्यात आणखी पाणी ओतलं तर बांध पुन्हा फुटतो. म्हणून जरुरीपुरतंच रक्त, आतड्यांकडं जाणारा प्रवाह आवळणारं औषध आणि जंतुसंसर्ग टाळायला अँटिबायोटिक, ही तिन्ही कामं जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ शकतात. पुढच्या रस्त्याला तेवढा वेळ मिळतो.

पुढचं काम दुर्बिणीचं. अन्ननलिकेतल्या शिरेला डॉक्टर छोटं रबरी कडं चढवतात, ‘बँड टाकला’ म्हणतात तो हाच. शीर आवळली जाते आणि गळून पडते. घुमटातल्या शिरेला हे चालत नाही. ती जाड, खोल, भिंतीच्या आत. कडं अर्धवट बसतं आणि चार दिवसांनी निसटलं तर खाली उघडी जखम राहते. तिथं वेगळं काही लागणार होतं, आणि ते आलं बंदुकीसाठी चाललेल्या एका शोधातून.

१९४२ सालची गोष्ट. दुसरं महायुद्ध चालू. अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. एक पदार्थ हाताला आला, पण तो ज्याला लागेल त्याला चिकटून बसायचा. वैतागून बाजूला ठेवला. १९५१ मध्ये पुन्हा तोच पदार्थ पुढं आला आणि या वेळी त्यांच्या सहकाऱ्याकडून प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्राचे महागडे लोलक एकमेकांना कायमचे चिकटले. तेव्हा कूव्हर यांच्या लक्षात आलं, की हा दोष नव्हे, हाच गुण आहे. १९५८ मध्ये तो बाजारात आला. आपल्या पानटपरीवर पाच-दहा रुपयांच्या ट्यूबमध्ये मिळणारा, चप्पल चिकटवायचा झटपट डिंक म्हणजे त्याचाच भाऊबंद. सायनोअॅक्रिलेट. या द्रवाला घट्ट व्हायला उष्णता लागत नाही, हवा लागत नाही. लागतो फक्त ओलावा. आणि रक्ताइतकं ओलं दुसरं काय आहे? व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांच्या जखमांवर तो फवारला गेला.

हॅम्बुर्गमध्ये काम करणारे, मूळचे इंडोनेशियाचे डॉ. निब सोहेंद्र यांनी १९८६ मध्ये या डिंकाचा शरीराला सोसेल असा प्रकार दुर्बिणीतून घातलेल्या सुईनं थेट जठराच्या फुगलेल्या शिरेत सोडल्याचं प्रसिद्ध केलं. रक्ताचा स्पर्श होताच काही सेकंदांत तो दगडासारखा होतो, शीर आतून बुजते. पण सेकंदांचा हा खेळ डॉक्टरांच्याही अंगाशी येऊ शकतो: डिंक सुईतच घट्ट झाला तर सुई शिरेत अडकायची. म्हणून त्यात लिपिओडॉल मिसळतात. त्यानं डिंक थोडा उशिरा घट्ट होतो आणि क्ष-किरणांत ठळक दिसतो. हे लिपिओडॉल काय आहे? आयोडीन जोडलेलं खसखशीचं तेल. १९०१ मध्ये फ्रान्समध्ये मार्सेल गेर्बे यांनी केलेलं. अनारशावर आपण जी खसखस लावतो, तिचं तेल बंदुकीच्या डिंकात कालवून माणसाचा जीव वाचवायचा, हे कुणी गोष्टीत सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

त्या खोलीत सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे असतात. डिंकाचा थेंब उडून डोळ्यात गेला तर पापण्या चिकटतील. एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर, बस्स. नर्सच्या अंगठ्याखाली पिचकारी, डॉक्टरांच्या हातात सुई. सोडा, धुवा, काढा. या तीन शब्दांतलं अंतर एका श्वासाचं. पुढं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जठराची भिंत हा डिंकाचा खडा हळूहळू बाहेर ढकलते आणि तो पोटात पडून निघून जातो; रुग्णाला पत्ताही लागत नाही.

पण मघाचा सांडवा लक्षात आहे ना? घुमटातून मूत्रपिंडाच्या शिरेकडं धावणारी ती धार जोरकस असेल, तर डिंक घट्ट व्हायच्या आत वाहून जातो. हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकतो. हा या उपायातला सगळ्यात मोठा धोका. त्यावर काढलेली युक्ती कोणत्याही शेतकऱ्याला ओळखीची वाटेल. फुटलेल्या बांधात नुसती माती टाकली तर वाहून जाते. आधी काट्याकुट्या, फांद्या टाकाव्या लागतात, मग त्यात माती धरते. डॉक्टर सोनोग्राफीची सोय असलेल्या दुर्बिणीतून आधी शिरेत धातूची बारीक, लव असलेली वेटोळी सोडतात आणि मग त्या जाळ्यात डिंक. जाळं डिंकाला धरून ठेवतं, डिंकही कमी लागतो.

दुसरी युक्ती जपान्यांची. कानागावा आणि सहकाऱ्यांनी ती १९९६ मध्ये जगापुढं मांडली आणि मला ती फार देखणी वाटते. त्यांनी जठरात जायचंच नाकारलं. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेली, पोटातल्या मोठ्या शिरेतून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत वळवली आणि सांडव्याच्या खालच्या तोंडाशी इवलासा फुगा फुगवला. वाट बंद. धार थबकली. आता फुग्याच्या मागून, उलट्या दिशेनं, शिरा सुकवणारं औषध वर चढवायचं. ते थांबलेल्या पाण्यात चढत चढत घुमटापर्यंत पोचतं, सगळा फुगवटा भरून टाकतं आणि काही तासांत रक्त गोठून शिरा बुजतात. तोंडाशी दार लावल्यामुळं औषध हृदयाकडं निसटत नाही. पुढं कोरियात फुग्याच्या जागी कायमचं बूच ठेवायची पद्धत आली, म्हणजे तासन् तास फुगा फुगवून बसायला नको.

मात्र पाटकऱ्याला विचारा: एक दार लावलं की ते पाणी कुठं जाणार? सांडवा बंद झाला की तेवढं रक्त पुन्हा यकृताकडं वळतं. यकृतात थोडा जीव असेल तर त्याला हे लाभतं, मेंदूवरचा झाकोळही उतरतो. पण यकृत दगड झालं असेल तर दाब चढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पोटात पाणी होतं. नुसतं बुजवून भागत नाही, पाण्याला जागा द्यावी लागते. मानेतल्या शिरेतून सुई घालून थेट यकृताच्या आरपार नवा बोगदा काढायची पद्धतही आहे. तो दाब उतरवतो, पण पुन्हा न निवडलेलं रक्त मेंदूकडं सोडतो. खरी जागा द्यायची तर नवं लाभक्षेत्रच हवं. म्हणजे नवं यकृत.

यकृत बदलायचा पहिला प्रयत्न १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी केला. तीन वर्षांचं मूल होतं. ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रक्तस्रावानं गेलं. अनेक वर्षं तुंबलेल्या पोटात आडवाटांचं जाळं माजलेलं असतं. सुरी लावाल तिथं रक्त. चार वर्षांनी, १९६७ मध्ये, स्टार्झल यांना यश आलं. भारतात पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात झालं. बाळ वीस महिन्यांचं होतं, यकृताचा तुकडा त्याच्या वडिलांचा. ते बाळ मोठं होऊन डॉक्टर झालं.

आपल्याकडं आजही बहुतेक यकृतं अशीच, घरातल्या जिवंत माणसाकडून येतात. देणाऱ्याचं यकृत दोन-तीन महिन्यांत जवळजवळ पूर्ववत वाढतं. मेंदूमृत व्यक्तीचं यकृत मिळालं तर वाटप करणारी समन्वय केंद्रं राज्यात चार: मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर. परभणीचा माणूस देवगिरी एक्सप्रेसनं एका बाजूला मुंबईला जातो, दुसऱ्या बाजूला हैदराबादला; पिशवीत फाईल, डब्यात दशम्या, सोबत रक्तगट जुळणारी बहीण नाहीतर मुलगा.

आणि इथं या सगळ्या कथेचं पान उलटतं. नवं यकृत मऊ, निरोगी, रक्त घ्यायला आतुर. दाब पडतो. बहुतेकांच्या जठरातल्या शिरा पुढच्या महिन्यांत आपोआप ओसरतात. कुणी हात न लावता! नदी उतरली की नाल्यातला फुगवटा उतरावा, तसं. पण मूत्रपिंडाकडं जाणारा तो सांडवा फार मोठा झाला असेल, तर त्याला सवय लागलेली असते. तिकडं उतार सोपा. रक्त नव्या यकृतात शिरण्याऐवजी जुन्याच वाटेनं पळतं. काल ज्या आडवाटेनं माणसाला तगवलं तीच आज नव्या यकृताच्या तोंडचं पाणी पळवते. दाराची शीर संथ पडते, तिच्यात रक्त गोठू शकतं, आणि ते गोठलं तर दान मिळालेलं यकृत जातं.

आमच्याकडं रात्रीची वीज आली की शेतकरी बॅटरी आणि फावडं घेऊन बाहेर पडतो. दारं धरायला. एका वाफ्याला पाणी पुरलं की मातीचं एक फावडं टाकून ते दार बंद, पुढचं उघडं. डुलकी लागली तर एका वाफ्यात तळं आणि दुसऱ्यात धूळ. प्रत्यारोपण करणारे सर्जन रात्रभर नेमकं हेच करत असतात. नवं यकृत जोडलं, चिमटे काढले, की दाराच्या शिरेभोवती मोजणी-कडं लावून मिनिटाला किती रक्त जातंय ते पाहतात. कमी भरलं तर सांडव्याला गाठ मारतात. कधी डावी मूत्रपिंड-शीरच मोठ्या शिरेजवळ बांधून टाकतात. मूत्रपिंडाला रक्त सोडायला दुसऱ्या बारीक वाटा असतात, ते सहसा तगतं. आणि जास्त भरलं तर? मोठ्या माणसाला मिळालेला यकृताचा तुकडा लहान असेल, तर दर १०० ग्रॅममागे मिनिटाला २५० मिलिलिटरच्या वर रक्त त्याला झेपत नाही. तो फुगतो, सुजतो, बुडतो. मग पाणथरीची धमनी बांधून येणारं पाणीच कमी करतात, किंवा मुद्दाम एखादा सांडवा उघडा ठेवतात. जी शीर एका रुग्णात बांधायची, तीच दुसऱ्यात राखायची. पुस्तकात हे एका ओळीत लिहिता येतं. पहाटे तीन वाजता, उघड्या पोटापाशी, कुठलं दार धरायचं हे ठरवणाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो.

याहूनही विलक्षण एक प्रसंग असतो. काही रुग्णांच्या दाराच्या शिरेत आधीच रक्त गोठून ती पार बुजलेली असते. नवं यकृत तयार आहे, पण त्याला पाणी आणणारा कालवाच नाही. पूर्वी अशा माणसाला प्रत्यारोपण नाकारलं जाई. मग १९९०च्या दशकात सर्जनांच्या लक्षात आलं: पोटाचं सगळं रक्त तर आपल्यासमोरून चाललंय, त्या चोरट्या वाटेनं, डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत. मग तीच शीर कापून नव्या यकृताच्या दाराला का जोडू नये? जोडली. पोटाचं तुंबलेलं रक्त घुमटातून, मूत्रपिंडाच्या वाटेनं, थोडं मूत्रपिंडाचं रक्तही सोबत घेऊन, नव्या यकृतात शिरलं. सांडव्याचा कालवा झाला. शरीरानं घाबऱ्याघुबऱ्या उकरलेली वाट माणसानं हाताशी धरून मुख्य केली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

प्रत्यारोपणानंतर वर्षा-दोन वर्षांनी कुणाला पुन्हा काळी संडास झाली, तर डॉक्टर जठराइतकंच लक्ष दाराकडं देतात. जिथं दोन शिरा शिवल्या तिथं सांधा आवळत गेलेला असतो. लहान मुलांत हे जास्त: मूल वाढतं, पण सांधा त्याच्याबरोबर वाढेलच असं नाही. तुंबलं की पुन्हा फुगवटा, पुन्हा जठरात शिरा. तेव्हा डिंकानं रक्त थांबवणं हे पहिलं काम, पण तिथंच थांबलं तर पाणी उद्या दुसरीकडं फुटेल. बरगड्यांमधून बारीक सुई यकृतात घालून, तार आवळलेल्या सांध्यातून पार करून, फुग्यानं तो सांधा रुंद करतात, लागलं तर जाळीदार नळी बसवतात. दार मोकळं झालं की घुमटातल्या शिरा बसायला लागतात. इतक्या दूरच्या किल्लीनं उघडणारं कुलूप क्वचित पाहायला मिळतं.

आणि सांधा पुरताच बुजला तर? १९९२ मध्ये बेल्जियमच्या जाँ द व्हिल द ग्वाये यांनी अशा प्रत्यारोपित मुलांसाठी नवा कालवाच खोदला: मुलाच्या मानेतली एक शीर काढून, आतड्याच्या शिरेपासून बुजलेल्या जागेला वळसा घालत थेट यकृताच्या आत डाव्या फाट्याला जोडली. ही शस्त्रक्रिया आपल्याकडं वेगळ्याच मुलांच्या कामी येते. भारतात कितीतरी मुलांची दाराची शीर बालपणीच बुजलेली असते, काहींच्या बाबतीत जन्मानंतर नाळेच्या जखमेतून गेलेल्या जंतुसंसर्गामुळं. यकृत ठणठणीत, मूल खेळतं-बागडतं, आणि एक दिवस शाळेतून येऊन रक्ताची उलटी करतं. अशा मुलाला नवं यकृत नको, फक्त दार हवं. प्रत्यारोपणासाठी शोधलेला तो वळसा, ज्यांना प्रत्यारोपणाची गरज नाही अशांना दार मिळवून देतो.

नवं यकृत शरीरानं परकं म्हणून फेकू नये यासाठी सकाळ-संध्याकाळ टॅक्रोलिमसची गोळी असते. हे औषध १९८४ मध्ये सापडलं ते जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत, एका जिवाणूच्या पोटी. परभणीच्या काळ्या रानात ढेकूळ फोडताना जो वास येतो, तोही याच कुळातल्या जिवाणूंचा. पण या गोळीनं शरीराची चौकी ढिली पडते, म्हणून प्रत्यारोपण झालेल्याच्या शिरेत डिंक सोडताना जंतूंची काळजी दुप्पट घ्यावी लागते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस रोज सोनोग्राफीचं यंत्र खाटेपाशी येतं. पोटावर थंड जेली, बरगड्यांखाली टेकवलेलं यंत्राचं टोक, आणि खोलीत एक आवाज भरतो. धमनीचा असतो तसा ठोका नव्हे. अखंड, किंचित हेलकावणारी सूं, कालव्याला आवर्तन सुटल्यावर काठावर ऐकू येते तशी. टोकाकडं येणारं रक्त पडद्यावर लाल दिसतं, दूर जाणारं निळं. जुन्या यकृतात ही पट्टी कधीकधी निळी झालेली असते, पाणी मागं फिरलेलं. डॉक्टर टोक थोडं तिरपं करतात, थांबतात. बाजूला उभी असलेली बहीण, जिच्या स्वतःच्या पोटावर टाके आहेत, पडद्याकडं पाहून विचारते, ‘दादाचं बरंय ना?’ पडद्यावर बोटाएवढी पट्टी लाल आहे. डॉक्टर आवाज थोडा वाढवून तिला ऐकू देतात.